भरून पाहिलेली मोटार

बायको कडब्याच्या गाडीवरून पडली आणि तिची पाठ गेली, त्या साली मी मोटार घेतली. लोक म्हणाले, हेडी आता शेट झाला, त्याला मोटार पाहिजे. आमच्याकडे बैलांच्या व्यापाऱ्याला हेडी म्हणतात. आखाडा बाळापूरच्या बाजारात मी आधी दुसऱ्यांचे बैल हाकत पायी फिरलो, मग स्वतःची एक जोडी केली, आणि पुढे हिंगोलीत सरकीचं दुकान टाकलं. मला कोणी काही दिलेलं नाही. म्हणून मीही कोणाला काही फुकट सोडत नाही, आणि भाव करताना आवाज चढला तर तो मुद्दाम खाली आणत नाही.

हिंगोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, मणका सरकला आहे, अकोल्याला हाडांचे मोठे डॉक्टर आहेत, त्यांना लवकर दाखवा. हाड आहे तसंच धरलं तर बाई जन्मभर वाकून चालेल. एकदा नेऊन भागणार नव्हतं. पट्टा बांधायचा, महिन्याभराने पुन्हा न्यायचं, असं वर्षभर. आणि आमची आगगाडी जाई ती पूर्णेकडे, म्हणजे नेमकी उलट्या अंगाला. अकोल्याला जायचं तर कनेरगावच्या नाक्यावर निजामाची हद्द ओलांडून वाशीम, मालेगाव, पातूरचा घाट असा खडीचा रस्ता होता. सर्व्हिसच्या, म्हणजे भाड्याने उतारू नेणाऱ्या, मोटारीतून धडधाकट माणूस गेला तरी दुसऱ्या दिवशी कंबर शेकत बसायचा. माझ्या बायकोला तर बसताच येत नव्हतं.

नवी मोटार घ्यावी एवढी ऐपत नव्हती. जुनी बघायची ठरली. मला थाट नको होता. मागची बैठक एवढी लांब पाहिजे की माणूस आडवं निजेल, वरचा टप पक्का पाहिजे, आणि चाल मऊ पाहिजे. बायको खाटेवर निजली होती तेव्हा मी डोक्यापासून टाचेपर्यंत सुतळी धरली आणि तोडून खिशात टाकली.

"माप घेऊन राहिले तिरडीचं काय?" ती म्हणाली.

"मोटारीचं."

"मंग जरा सैल धरा. मी काई मेल्यावानी ताठ निजून ऱ्हात न्हाई."

मोटारीतलं मला कळत नव्हतं. पण माझ्या धंद्यातल्या जोडीदाराला कळत होतं. आम्ही दोघं एकाच गावचे. बाजारात सौदा करताना बोलून भाव सांगत नाहीत, उपरण्याखाली एकमेकांचा हात धरून बोटांनी सांगतात. वीस वर्षं माझ्या बाजूने उपरण्याखाली हात घालणारा माणूस तोच. त्याच्या बोटांवर मी हजारोंचे बैल घेतले आणि दिले. मधली तीन-चार वर्षं तो नांदेडच्या सर्व्हिस मोटारीवर होता, आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. मी त्याला सगळं सांगितलं. गाडी कशाला पाहिजे, कोणासाठी पाहिजे, डॉक्टर काय म्हणाले. तो बायकोच्या खाटेशी बसून म्हणाला, "वैनी, पाळण्यात घालून नेतो का न्हाई बघा."

आधी नांदेडला एक गाडी पाहिली. सुतळी लावली तर बैठक वीतभर तोकडी. परभणीला एक पाहिली, तिची गादी सुरेख, पण दर दोन कोसांवर इंजिन तापून पाणी मागायची. त्या मालकाने मला तासभर बसवून घेतलं. मी त्याला म्हणालो, ही मोटार नाही, ही विहिरीवरची मोट आहे. तिसरी वाशीमला, एका वकिलांकडे, जोडीदार आधी एकटा जाऊन बघून आलेली. काळी, लांब, टप शाबूत. सुतळी लावली आणि वर चार बोटं जागा उरली.

आता बैल कसा पाहतात ते सांगतो. दात बघतात, खूर बघतात, पण खरा बैल कळतो तो जुंपल्यावर. आम्ही हेडी लोक बैल रिकाम्या गाडीला कधी जुंपून बघत नाही. गाडी दगडांनी भरायची, चाक अडवायला दोर बांधायचा, आणि मग बैलाला ओढायला लावायचं. खोड असली तर तिथे उघडी पडते. सगळा मराठवाडा असाच बैल घेतो. मी वकिलांना म्हणालो, "गाडी भरून दाखवा."

माझ्या जोडीदाराकडे त्यांनी बघितलं.

जोडीदार म्हणाला, "बराबर हाय. भरूनच बघ. घाट चढायचाय."

वकिलांच्या अंगणात ज्वारीची पोती होती. पाच मागे टाकली, वर मी बसलो, जोडीदाराने गाडी चालवली. वाशीमच्या बाहेर चढावर नेली, खडीवरून नेली, एका नाल्यातून नेली. काय चाल होती. पाण्यावरून नाव जावी तशी. एकही आवाज नाही, धक्का नाही. पोत्यांवर बसून मला डुलकी लागली असती. परत येऊन उपरण्याखाली सौदा केला. वकिलांना हे नवं होतं, ते हसत होते, पण जोडीदाराने त्यांच्या मुनिमाचा हात धरून त्यांना बरंच खाली आणलं. पटला भाव. मी बाजाराच्या रिवाजाप्रमाणे गाडीच्या पुढच्या पत्र्यावर गुलाल टाकला. गुलाल पडला की जनावर घेणाऱ्याचं. मग ते दारात मेलं तरी परत नाही. मी सर्व्हिसच्या मोटारीने परतलो, गाडी जोडीदाराने मागाहून एकट्याने आणली.

चार दिवसांनी बायकोला अकोल्याला न्यायला निघालो. मागे गादी अंथरून तिला निजवलं, तिचं डोकं माझ्या मांडीवर. जोडीदार चालवत होता. गाव सुटलं, खडी लागली, आणि पहिल्याच खड्ड्यात ती बैठकीवरून उचलली जाऊन खाली आदळली. तिच्या तोंडातून जो आवाज आला तसा आवाज मी पुन्हा ऐकला नाही आणि ऐकायचाही नाही.

"हळू घे," मी म्हणालो.

"हळूच हाय."

हळू केलं तर हादरे वाढले. जोरात घेतलं तर गाडी उडायला लागली. मागचा भाग असा ताठ, जणू चाकांवर पाट ठोकलाय. मी दोन्ही हातांनी तिला दाबून धरलं. कनेरगावचा नाका दिसायला लागला तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

"मागं फिरा," ती म्हणाली. "मी वाकून चालन. मागं फिरा."

मागे फिरतानाही तोच रस्ता. जोडीदाराने सगळ्या वाटेत एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मला वाटलं, त्याला वाईट वाटतंय.

त्यानंतर दीड महिना तिला कूस बदलता आली नाही. हिंगोलीचे डॉक्टर म्हणाले, आता हलवायचं नाव काढू नका.

मी सर्व्हिसच्या मोटारीने वाशीमला गेलो आणि वकिलांच्या बैठकीत उभा राहून जे बोलायचं ते बोललो. दोन पक्षकार उठून बाहेर गेले. वकिलांनी पान लावून होईपर्यंत ऐकलं.

"शेटजी," ते म्हणाले, "गाडीच्या मागच्या कमानी, म्हणजे धक्का झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, तुटल्या होत्या. माझा शेतातला माल न्यायला मी तिथे लॉरीच्या कमानी बसवल्या. ओझं असलं की ती दबते, मऊ चालते. रिकामी असली की आपटते. हे मी तुमच्या माणसाला पहिल्या दिवशीच सांगितलं. पाठीच्या दुखणेकऱ्याला ही गाडी नको, असंसुद्धा म्हटलं."

"मला काहून न्हाई सांगितलं?"

"तुमच्या माणसाला सांगितलं म्हणजे तुम्हाला सांगितलं. तो म्हणाला, मी बघतो, तुम्ही फक्त गाडी रिकामी फिरवू नका. मग तुम्हीच पोती मागितली. मला वाटलं, तुमचं आपसात ठरलंय."

"गाडी परत घ्या."

"गुलाल तुम्ही टाकला."

माझाच रिवाज मला सांगत होता. वकिलाला मी काय बोलणार. त्याला मी कोण? पण जोडीदाराला मी कोण, हे मला माहीत होतं.

बाळापूरच्या बाजारात तो सापडला. एका खोंडाच्या तोंडात हात घालून दात बघत होता. मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं. तो खोंडाचं तोंड सोडून माझ्याकडे वळला, आणि नाकारलंसुद्धा नाही.

"गाडी वाईट हाय का?" तो म्हणाला. "पाच पोती घिऊन वर चढली का न्हाई? अशी गाडी त्या पैशात सापडत न्हाई गड्या."

"मी पोत्यांसाठी घेतली व्हती का?"

"वैनीला साला-सहा महिन्यांत बरं वाटलं असतं. मंग काय मोटारीला दारात बांधून कडबा घालणार व्हतास? सरकी हाय, हळद हाय, बाळापूर-वाशीम फेऱ्या करता येतील म्हनलं. दोघांचं भलं व्हतं त्यात. मी चालवली असती, तू माल दिला असता."

"मला सांगायचं मंग."

"सांगितलं असतं तर घेतली असतीस?"

"न्हाई."

"तेच तर."

बाजारातले दोघं-तिघं हसले. मी त्याच्या अंगावर गेलो, लोकांनी धरलं. तो म्हणाला, "सोडा त्याला, त्याला वरडल्याबिगर जेवण जात न्हाई." मला सगळ्यात जास्त लागलं ते त्याचं उत्तर. त्याने खोटं बोलायचीही तसदी घेतली नाही. त्याने माझ्या बायकोची पाठ, डॉक्टर, मुदत, सगळं हिशेबात धरून सौदा केला होता, आणि सौदा त्याला चांगला वाटत होता. माझ्या भरून बघण्याच्या रीतीत काही खोट नव्हती. रीत त्याला ठाऊक होती, एवढंच.

घरी येऊन मी बायकोला वकिलाचं बोलणं सांगितलं. तिने पडल्या पडल्या ऐकलं.

"ओझ्यानं मऊ चालती?"

"व्हय."

"मंग भरा की पोती. मला वर निजवा."

एवढं मला सुचलं नव्हतं. डॉक्टरांनी हलवायला परवानगी दिली तेव्हा कयाधू नदीच्या पात्रातली वाळू पोत्यांत भरली, मागची बैठक काढली, पोती ठासून वर तीन गाद्या टाकल्या. ड्रायव्हर हिंगोलीतलाच एक मुसलमान म्हातारा घेतला, सर्व्हिसच्या गाडीवर उमर गेलेला. त्याने पोती हाताने दाबून पाहिली आणि म्हणाला, "बराबर है. अम्मा को नींद आ जायेगी."

नाक्यावर करोडगिरीच्या शिपायाने अडवलं. हद्दीपलीकडे माल नेला की महसूल भरावा लागे.

"पोत्यांत काय?"

"वाळू."

"वऱ्हाडात वाळू संपली काय?"

त्याने लोखंडी सळई खुपसून पाहिली. वाळू सांडली. दुसरं पोतं खुपसलं. तिथेही वाळू.

"आमचे मालक बैलांचे व्यापारी," वर निजलेली बायको म्हणाली, "बैल खपले, आता वाळू खपवून राहिले."

शिपाई हसला आणि त्याने रस्त्यावरचा आडवा दोर सोडला. पातूरचा घाट उतरताना ती खरोखर झोपली होती.

अकोल्याच्या डॉक्टरांनी तिला पालथी निजवून मणक्यांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "आधी का नाही आणलं?" ते म्हणाले, दुखणं थांबेल, चालता येईल, पण हाड धरलं आहे, पाठ सरळ होणार नाही. दोन महिने आधी आणलं असतं तर झाली असती.

वर्षभर फेऱ्या केल्या. पट्टा सुटला, काठी हातात आली. पुढे दुसरी मोठी लढाई सुरू झाली, पेट्रोल मिळेना, गाडी लिंबाखाली उभी राहिली. दुकानाचं एक पोतं मी तिच्यात चढू दिलं नाही. कोणी भाड्याने मागितली तरी दिली नाही.

एका दुपारी जोडीदार दारात आला. मी गादीवर बसून होतो, वर बघितलं नाही. बायको चुलीपासून म्हणाली, "बसा भाऊजी." त्याला चहा दिला. त्याने तिच्या पाठीबद्दल विचारलं, तिने सांगितलं. बाजार कसा आहे ते तिने विचारलं, त्याने सांगितलं. मी आत उठून गेलो. ती मागून आली.

"काहून फुगून राहिले?" ती हळू म्हणाली. "तुमचा जोडीदार गेला, माझी पाठ गेली. जास्त माझं गेलं. मी बोलून राहिले ना त्याच्याशी?"

तिला ते सोडता आलं, ते तिचं. मला तिनेही एकटं पाडलं असंच त्या दिवशी वाटलं, आणि आजही थोडं वाटतं.

तो निघाला तेव्हा ती काठी टेकत अंगणाच्या टोकापर्यंत त्याला पोचवायला गेली. ती कंबरेत वाकलेली, नजर जमिनीवर. तो तिच्या बाजूने पाठ ताठ ठेवून चालत होता. मी खिडकीतून ते बघितलं. पुढच्या खेपेला तो आला तेव्हा कडी वाजायच्या आधी मी दार लावून घेतलं होतं.