कहाणीतले दोन राजे

चैत्रात, मंगळवारी दुपारी, माझी पत्नी गेली. मी खोलीत वाचत होतो.

आमचं घर देवासला, टेकडीच्या पायथ्याशी. या गावात एके काळी दोन राजे होते, थोरल्या पातीचे आणि धाकट्या पातीचे. दोघांची हद्द बाजारातल्या रस्त्यावरून जायची. आता तिथं मोबाइलची आणि शेवेची दुकानं आहेत, हद्द कुणाला दिसत नाही. आमच्या घरात मात्र ती शाबूत होती. माझे पूर्वज थोरल्यांच्या चाकरीत, तिचे धाकट्यांच्या. टेकडीवर माताही दोन आहेत, मोठी आणि छोटी. दर्शनाला गेलो की ती आधी छोटीकडे वळायची आणि म्हणायची, "तुमचे थोरले थांबतील. त्यांना सवय आहे."

श्रावणातल्या शुक्रवारी आळीतल्या बायका आमच्या ओसरीवर जमत आणि ती कहाणी वाचून दाखवी. बहुतेक सुना हिंदी शाळेत शिकलेल्या. अक्षरं तीच असली तरी जुन्या मराठीत त्यांची जीभ अडखळते. मी आत पुस्तक घेऊन बसे, तिनं ठेवलेला चहा शेजारी निवत राही. बाहेर हसण्याचा गलका उठे. देवीच्या कहाणीत एवढं हसण्यासारखं काय असतं, हे मी तिला कधी विचारलं नाही.

यंदा आमच्याकडे सणवार नव्हता. श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारी समोरच्या वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, चला. कहाणी वाचायला कुणी नाही."

"मी? बायकांत?"

"जन्मभर कॉलेजात शिकवलंत ना? मग तासभर आम्हाला सोसा."

तिची कहाण्यांची पोथी घेऊन मी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. घसा साफ केला. "आटपाट नगर होतं. तिथं एक राजा होता."

"एक नाही काका, दोन!" वहिनींची सून म्हणाली.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "एकच आहे."

"किताब में एक होगा. काकूंच्या कहाणीत दोन होते. थोरल्या गादीवर राजा, धाकट्या गादीवर राणी. और राजा तो बस, पोथीत नाक खुपसून."

सगळ्या माझ्याकडे बघून खुदखुदू लागल्या. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"पुढे?" मी विचारलं. मला ती कहाणी हवी होती, सगळी. तिच्या तोंडची ती एवढीच माझी ऐकायची राहिली होती.

"राणी विचारायची, महाराज, जेवता का? महाराज म्हणायचे, हं." वहिनींनी तो "हं" नाकातून काढला. तो माझाच होता. "एकदा तिनं चहात साखरेऐवजी मीठ घातलं. महाराज सगळा प्याले आणि म्हणाले..."

"हं!" अख्खी ओसरी एका सुरात म्हणाली.

"हे खरंच घडलं होतं?"

"आम्हाला काय विचारता? प्यालात तुम्ही!"

मला आठवेना. आठवेना म्हणून मीच हसू लागलो. चैत्रानंतर पहिल्यांदाच. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो आणि ते पाणी कसलं, ते कुणी विचारलं नाही.

"आणि शेवट?"

"शेवट दर साली निराळा," सून म्हणाली. "एकदा राणी रुसून टेकडीवर जाऊन बसली. एकदा तिनं पोथ्या रद्दीत घातल्या."

"गेल्या साली?"

"गेल्या साली राजानं पोथी मिटली आणि स्वतःहून बाहेर आला. राणी म्हणाली, या, बसा. वेळ लावलात, पण बसा."

गेल्या साली मी आतच होतो. दार उघडंच असायचं.

"आता थोरल्यांची बाजू सांगा," वहिनी म्हणाल्या. "उगाच एकतर्फी नको."

मी पोथी बाजूला ठेवली. म्हणालो, "राजाला मीठ कळलं होतं. राणीचा हिरमोड नको, म्हणून तो गप्प राहिला."

"झूठ! साफ झूठ!" सगळ्या ओरडल्या. पलीकडच्या गच्चीवरचं कबूतर उडालं.

श्रावण संपला, तरी त्यांनी मला सोडलं नाही. दर शुक्रवारी चार वाजता मी समोरच्या ओसरीवर जातो. कहाणीत राजे दोन असतात. चहा येतो, तो मी गरम असतानाच पितो.