कासवांच्या बेटावर मारलेली फळी

बसा, चहा उकळतोय. तोवर मी काय करून बसलो ते सांगतो. सगळ्या गावाला ठाऊक झालंय, मग तुमच्यापासून लपवून काय मिळणार?

आमची जयू म्हणजे माझी थोरली पोर. शहाद्याच्या कॉलेजात शिकली, मग पुढं कुठं कुठं शिकत गेली आणि आता कासवं सांभाळते. विहिरीतली नव्हे, समुद्रातली. अंदमानच्या बाजूला बेटांचा एक पुंजका आहे. तिथं ही मोठमोठी कासवं वाळूत अंडी घालायला येतात, म्हणून ती सगळी बेटं राखीव आहेत. गाव नाही, दुकान नाही, चहाची टपरीसुद्धा नाही. चार झोपड्यांची छावणी आणि मोजकी माणसं.

आता मला सांगा, तापीकाठी पपई लावणाऱ्या माणसाचा समुद्राशी काय संबंध? आमच्या घराण्यात समुद्र पाहिलेलं पहिलं माणूस म्हणजे जयू. तिला नोकरी लागली तेव्हा शेजारच्या भिका नानानं मला विचारलं होतं, "कासवं राखाना पगार भेटस का रे?"

"भेटस," मी म्हटलं. "आनि तू जल्मभर वावर राखस, तुले काय भेटनं?"

तर गेल्या हिवाळ्यात पोरीनं परवानगी काढली आणि आम्हा दोघांना तीन दिवसांसाठी बोलावून घेतलं. मी आणि तिची माय निघालो. रेल्वे, विमान, जहाज आणि शेवटी होडी. विमानात मी शेजारच्या दोघांना सांगितलं की माझी आंडेर, म्हणजे लेक, बेटावर साहेब आहे. होडीत नावाड्याला सांगायला गेलो, तर तो म्हणाला, जयू मॅडमनंच पाठवलंय मला. छाती अशी फुगली म्हणता, होडी कलायची बाकी होती.

दुसऱ्या दिवशी तिथं एक मोठ्या मॅडम येणार होत्या. जयूच्या वरच्या अधिकारी, कामाची पाहणी करायला. पहाटेच जयू दुसऱ्या बाजूच्या किनाऱ्यावर निघाली आणि जाता जाता म्हणाली, "आप्पा, हाऊ किनारा कराना बाकी शे. मी ईसन करसू."

म्हणजे हा किनारा करायचा राहिलाय, मी येऊन करीन. इथंच घोळ झाला बघा. तुम्हीच सांगा, आपल्याकडे 'वावर करायचं बाकी आहे' म्हटलं की काय समजायचं? ढेकळं मोडून सपाट करायचं, हेच ना?

चहा पिऊन मी छावणीसमोरच्या वाळूवर गेलो आणि बघतच राहिलो. पाण्यापासून वरपर्यंत रुंद चाकोऱ्या उमटलेल्या. मधेमधे उकरलेले ढीग. हुबेहूब रात्रीतून कोणीतरी ट्रॅक्टर फिरवून गेल्यासारखं. बेटावर ट्रॅक्टर आला कुठून, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मला एवढंच दिसलं की पाहुणे यायचेत आणि पोरीचं अंगण खणून पडलंय.

समुद्रानं आणून टाकलेली एक जाड फळी होती. तिला मी दोरी बांधली.

जयूची माय म्हणाली, "पहिले पोरले इचारी ल्या."

"तिनीच सांगेल शे ना, किनारा कराना बाकी शे म्हणीसन."

"ती म्हणनी, मी ईसन करसू."

"ती ईसन थकेल ऱ्हाई."

मग काय, नांगरलेल्या वावरावर ओढतात तशी फळी मारायला घेतली. वजन कमी पडलं तेव्हा तिलाच फळीवर बसवलं. बडबडत का होईना, बसली बिचारी. जुने नंबर घातलेले खुंट होते ते मात्र मी उपटले नाहीत. मोजणीचा खुंट हलवायचा नाही, एवढी अक्कल शेतकऱ्याला असते. बाकी एक-दीड एकराचा पट्टा असा सपाट केला, की वाटलं आता पेरणीची तिफण लावावी. कमरेवर हात ठेवून मी उभा होतो. मनात म्हटलं, मॅडमनी पाहावं, कोणाच्या पोरीचा किनारा आहे.

जयू आली आणि जागीच थांबली.

"आप्पा, आठे काय व्हयनं?"

"ट्रॅक्टर फिरेल व्हता. मी फळी मारी दिधी."

"ट्रॅक्टर नही आप्पा. त्या कासवं व्हतात."

मग तिनं हळू आवाजात सांगितलं. मादी रात्री वर येते, खड्डा करून अंडी घालते, वाळू लोटून परत जाते. त्या चाकोऱ्या म्हणजे तिच्या पोहण्याच्या हातांचे ठसे. सकाळी तेच मोजायचे, त्यावरून घरटं शोधायचं आणि खुंट ठोकायचा. खालच्या अंगाला घातलेली अंडी भरतीच्या आत वर हलवायची, नाहीतर पाणी शिरून सगळी कुजतात. किनारा करायचा म्हणजे हे करायचं.

"आते कथी शेतस त्या अंडा?" मी विचारलं.

"तेच तर समजत नही," ती म्हणाली आणि वाळूत बसली.

रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती भरतीला किती वेळ उरलाय ते घड्याळात बघायला लागली. लहानपणी पडली, परीक्षेत मागं पडली, तरी ही पोर हातपाय गाळून बसली नव्हती. आणि माझ्या फळीनं तिला खाली बसवलं. तिच्या मायनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचं भाषांतर मी करत नाही.

मी चपला काढल्या. दुसरं काही सुचलंच नाही. पपईच्या बागेत जमिनीखालची नळी फुटली की मी ती पायानं शोधतो. वरून माती सारखीच दिसते, पण उकरून भरलेली जागा टाचेला वेगळी लागते. दाबली की थोडी बसते. म्हटलं, माती काय आणि वाळू काय. डोळे मिटले आणि पावलापावलानं चालायला लागलो.

पहिल्या दोन जागा फुकट गेल्या. तिसऱ्या ठिकाणी टाच किंचित आत गेली. "जयू, आठे दख."

ती गुडघ्यावर बसली, हातानं वाळू काढत गेली. कोपरापर्यंत हात आत गेला आणि तिचा चेहरा बदलला. वाकून मी पाहिलं. मोठ्या लिंबाएवढी पांढरी, गोल अंडी, एकावर एक. तिनं वाळू परत तशीच लोटली, खुंट ठोकला आणि म्हणाली, "चाला आप्पा, मव्हरे चाला."

मी पुढं, ती मागं. सहा घरटी सापडली. त्यातली दोन अगदी खाली, पाण्याच्या वाटेत होती. जयूनं ती अंडी एकेक करून वर नव्या खड्ड्यात नेली. तिचे हात किती हलके चालत होते म्हणून सांगू. पाणी वर चढलं तेव्हा ते दोन्ही जुने खड्डे भरून गेले आणि आम्ही तिघं वरच्या कोरड्या वाळूवर बसून ते पाहत होतो.

मॅडम केव्हाच येऊन मागं उभ्या होत्या. "अंकल, ये आपने पैर से कैसे ढूंढा?" त्यांनी विचारलं.

"मॅडम, हमारे उधर पपई रहती है," मी म्हटलं. त्यांना काय समजलं देव जाणे, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी छावणीतल्या सगळ्या माणसांच्या चपला काढायला लावल्या आणि मला शिकवायला सांगितलं.

आता गावी आल्यावर मी कोणता भाग सांगितला असेल? कासवाची अंडी पायानं शोधली, हा. फळीचा भाग येताना वाटेत समुद्रात पडला असं समजा. दोन महिने मी पारावर बसून ऐकवत होतो. दोन महिन्यांनी जयूचा फोन आला, की सहाही घरट्यांतून पिल्लं निघाली. शिवाय एके सकाळी जिथं खुंटच नव्हता अशा जागेतूनही पिल्लं वर आली. म्हणजे सातवं माझ्या टाचेला चुकलं होतं. ते मी पारावर सांगितलं नाही.

मग पोर सुट्टीवर आली. आमच्या शाळेच्या हेडमास्तरांनी तिचा कार्यक्रम ठेवला. गावची पोर, बेटांवरची नोकरी, पडद्यावर चित्रं. पहिल्या रांगेत मी, नवी टोपी घालून. कासवं पाहून पोरं गारद झाली. मग पडद्यावर तिच्या सरकारी अहवालातली एक यादी आली, 'या वर्षी घरट्यांना झालेला उपद्रव'. हेडमास्तर मुलांसाठी मोठ्यानं वाचायला लागले.

"भटकी कुत्री. घोरपड. भरतीचं पाणी." आणि जरा थांबून, "वडील."

मागून भिका नाना उठला. "जयू, हाऊ वडील कोनतं जनावर शे?"

"दोन पायनं शे, काका," जयू गंभीरपणे म्हणाली. "भलतं कष्टाळू. पन त्याले काम सांगताना नीट सांगनं पडस."

आणि मग तिनं सगळं सांगितलं, फळीपासून टाचेपर्यंत. सातवं घरटंसुद्धा. तुम्ही म्हणाल, लाज वाटली असेल. वाटली ना. पण त्याहून जास्त काही वाटलं असेल तर हे, की सरकारी कागदावर बापासाठीसुद्धा पोरीनं खोटं लिहिलं नाही. अशी पोर कोणाला मिळते हो?

सगळी सभा माझ्याकडे वळून बघायला लागली, तेव्हा मी उठलो आणि हात जोडले. काय करणार, त्या यादीतलं सभेला हजर असलेलं जनावर मी एकटाच होतो.