दातांत धरलेली जीभ

न्हाव्याच्या वडिलांचा राग सगळ्या गल्लीला माहीत होता. आधी ते जीभ दातांत धरायचे, मग त्यांचा हात उठायचा. तेच रक्त पुढे नको, या धास्तीने न्हाव्याने स्वतःचं मूल होऊच दिलं नाही, तान्ही मुलगी दत्तक घेतली. एखादं गिऱ्हाईक डोक्यात गेलं, की तो वस्तरा मिटून ठेवायचा आणि राग उतरेपर्यंत टॉवेलच्या घड्या घालत बसायचा. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक बिचारं ताटकळायचं.

एकदा पाच वर्षांची पोर दुकानात बाहुलीचे केस विंचरत होती. कंगवा अडकला आणि तिने जीभ दातांत धरली. आजोबांना तर तिने फोटोतही पाहिलं नव्हतं!

"हे कुठून शिकलीस गं?"

"तूच करतोस की, बाबा! घड्या घालताना."

न्हाव्याने चपापून आरशात पाहिलं. आत्ताही त्याची जीभ दातांतच होती.

तेवढ्यात कंगवा पुन्हा अडकला. पोरीने हात उगारला. न्हाव्याने श्वास रोखला. हात तसाच वर, खुंटीच्या दिशेने ताणत ती ओरडली, "बाबा, टॉवेल दे ना लवकर!"