फिल्मची डावी बाजू

शबाना गेल्याचा फोन तिचा भाऊ सलीमने दारव्ह्याहून केला, तेव्हा मी यवतमाळच्या आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना मेंदूच्या दिशा शिकवत होते. तो तास खरं तर तिचा... शरीररचनेच्या विभागात आम्ही दोघी वर्षानुवर्षं शेजारी बसलो, आणि मेंदू तिनेच शिकवायचा हे ठरलेलं होतं. ती सांगायची, बकरीचं नाक, पाठ, शेपूट एका रेषेत असतं. माणूस उभा राहिला आणि ती रेषा मेंदूच्या बुडाशी वाकली. म्हणून ‘डॉर्सल’ म्हणजे कण्यात पाठीकडे आणि मेंदूत टाळूकडे. मग स्वतःच्या डोक्यावर हाताची धार ठेवून काप दाखवायची. नाकापासून मानेपर्यंत उभा, कानापासून कानापर्यंत उभा, आणि टोपी उचलावी तसा आडवा. मुलं हसायची, पण विसरायची नाहीत.

गेल्या वर्षी तिने फळ्यावर कानापासून कानापर्यंतचा काप काढला, तो फक्त उजवा अर्धा. डावीकडे फळा कोरा, आणि ती दोन्ही बाजू कशा सारख्या असतात ते समजावत राहिली. मी मागे उभी होते. पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, “मॅडम, डावी बाजू राहिली.” शबानाने फळ्याकडे पाहिलं. “पूर्ण तर आहे,” ती म्हणाली. कोणी हसलं नाही, हेच तिला नंतर जास्त लागलं.

तपासणीत मेंदूत उजवीकडे गाठ निघाली. डावीकडचं भान मेंदूची उजवी बाजू ठेवते, त्यामुळे डावीकडचं जगच तिच्यासाठी उरलं नव्हतं. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहायची, ओढणीचं डावं टोक जमिनीवर लोळायचं. तिने कॉलेजात येणं सोडलं. मी दारव्ह्याला तिच्या घरी गेले तर तोंड भिंतीकडे करून पडलेली. खूप वेळाने म्हणाली, “बिमारीची लाज नाही वाटत मले. पूर्ण वर्गाले दिसत होतं, अन् मलेच दिसलं नाही... त्याची वाटते.” त्या ओढणीकडे बघणं मी टाळत होते. ते तिला कळलंय असं वाटून मीही ओशाळले.

काही आठवड्यांनी सलीमचा हात धरून ती वर्गात आली आणि प्रकाशपेटीवर स्वतःच्या मेंदूच्या स्कॅनची फिल्म लावली. अशी फिल्म पायाकडून पाहिल्यासारखी असते. रुग्णाची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते. म्हणजे गाठ नेमकी तिला न दिसणाऱ्या बाजूला. मुलांना म्हणाली, “हे डोकं माहं आहे. गाठ मले दिसत नाही. कुठी आहे ते तुम्ही सांगा, बराबर शब्दात.”

पहिल्या बाकावरची तीच मुलगी उठली. “उजवीकडे, मागे, वरच्या भागात.”

“तुह्या उजवीकडे का पेशंटच्या?”

“पेशंटच्या... तुमच्या, मॅडम.”

शबानाची मान खाली गेली. कानापर्यंत लाल झाली होती ती. पण तास संपेपर्यंत तिने फिल्म उतरवू दिली नाही.

परवा दारव्ह्याला जाऊन आले. शेवटी शेवटी कोणी डावीकडून आत आलं तर तिला कळायचंच नाही, आणि कळलं की ती मेल्याहून मेल्यासारखी व्हायची. म्हणून तिच्या अब्बांनी खाट फिरवून खोलीचं दार तिच्या उजव्या हाताला आणलं होतं. तेव्हापासून खाट आड येऊन कपाट अर्धंच उघडतं. अब्बा त्या फटीतून हात घालून आपले कपडे काढतात... खाट अजूनही काही हलवत नाहीत.