छत्तीस वार आक्का

आमच्या घराण्यात परदेशी जाऊन आलेली माणसं तीन : मी, माझी थोरली बहीण आक्का आणि तिचे यजमान दाजी. तिघंही एकदमच गेलो आणि येताना तिघंही थोडेफार जांभळे होऊन आलो.

परदेश म्हणजे गोवा. हसू नका! तेव्हा गोव्यात पोर्तुगिजांचं राज्य होतं. राजा निराळा, शिपायाची टोपी निराळी आणि पैसाही निराळा. बेळगावला गाडीत बसायचं, लोंढ्याला गाडी बदलायची आणि घाट उतरला की परमुलूख. (विलायतेला जाणाऱ्यांना बोट लागते म्हणतात. दाजींना लोंढ्याच्या आधीच गाडी लागली.)

जायचं कारण मी. मॅट्रिकला अंकगणितात मी दोनदा गचकलो होतो. तिसऱ्या खेपेला आक्कानं माझ्यावरचा भरवसा काढून घेतला आणि तो देवीवर ठेवला. तिच्या सासरची कुलदेवी गोव्यात. माझा भाऊ पास झाला तर आमच्या मागावरचं लुगडं तुला नेसवीन, असा तिनं नवस केला आणि मी पास झालो! (निकाल ऐकून मास्तरांनीही देवीचं नाव विचारून घेतलं.) दाजींनी बेळगावाशेजारच्या शहापुरात आपल्या मागावर हिरवंगार, लाल काठाचं लुगडं विणलं. आक्कानं त्याच्या सुताच्या कांड्या स्वतः भरल्या. देवीचं लुगडं कोरंच हवं, कुणी नेसलेलं नको, पाणी लागलेलं नको. आक्काला काळजी होती ती एवढीच.

दाजींना दुसरीच काळजी होती.

"तिकडं आपला रुपया चालत न्हाय म्हनं," ते म्हणाले. "सराफाकडनं बदलून घ्यायचा. त्यो बट्टा कापतोय."

बट्टा म्हणताना दाजींचा आवाज कापला. हा माणूस मागावरचा तुटलेला धागासुद्धा गाठ मारून परत वापरायचा. आपल्याच रुपयातले दोन आणे दुसऱ्यानं काढून घ्यायचे, ही कल्पनाच त्यांना सोसेना. आमच्या गल्लीतला कल्हईवाला दर वर्षी गोव्याला जायचा. त्याला एका शब्दानं विचारलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण नुकताच मॅट्रिक झालेला माणूस कल्हईवाल्याला काय विचारणार? उलट अंकगणितात 'विनिमय' नावाचा धडा होता आणि तो मला आता येत होता!

"दाजी, रुपया बदलायचाच कशाला?" मी म्हणालो. "चार लुगडी घेऊन जाऊ. तिथं विकू. येतील ते पैसे तिथलेच! बट्टा न्हाय, सराफ न्हाय. वर नफा!"

दाजींनी माझ्याकडं असं पाहिलं, की पुढच्या वर्षी मी कलेक्टरच होणार.

"पर नव्या कापडाला नाक्यावर जकात पडतीया की रं."

"अंगावरच्या कापडाला पडत न्हाय," मी म्हणालो.

मग आम्ही दोघांनी हळूहळू माना वळवल्या आणि आक्काकडं पाहिलं. ती चुलीपाशी भाकरी थापत होती.

"का रं? माझ्याकडं का बगतायसा?"

प्रवासाच्या दिवशी पहाटे आक्का चार नऊवारी लुगडी एकावर एक नेसली. चार कासोटे, चार पदर, छत्तीस वार कापड! आणि सगळं कोरं, कडक खळीचं. आक्का मुळात काडीसारखी. ती खोलीतून बाहेर आली ती कणगीसारखी. चालताना तिच्या लुगड्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जात होता. टांग्यात तिला वाकता येईना, म्हणून उभीच नेली.

"आनि माझं रोजचं लुगडं ठेव की रं गठुड्यात," ती म्हणाली.

"अंगावर चार असताना पाचवं कशाला? उगं वजन!" मी म्हणालो. हेही माझंच डोकं.

गाडीत आक्काला बसवायचं म्हणजे दोघांनी खांदे दाबायचे. एक म्हातारे गृहस्थ आपली जागा सोडून उठले आणि दाजींच्या कानाशी लागून म्हणाले, "अशा अवस्थेत बाईला प्रवासाला न्हेऊ नये बघा." दाजी लाजले. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

घाटात दूधसागर येतो. श्रावणाचे दिवस, धबधबा भरात आणि गाडी जाते ती त्याच्या पुढ्यातल्या पुलावरून. सगळ्यांनी भराभर खिडक्या लावल्या. आमची अडकली! मी लोंबकळलो, दाजी लोंबकळले, खिडकी ढिम्म. तेवढ्यात तुषारांचा लोट आत आला. आक्काच्या मांडीवर देवीच्या लुगड्याचं गठुडं होतं. ती तशीच वळली, गठुडं पोटाशी धरलं आणि सगळं पाणी पाठीवर घेतलं.

"आक्का, गठुडं माझ्याकडं दे आनि तू बाजूला सर!"

"सरू कशी? मला हालता येतंय व्हय, मुडद्या?"

पूल संपेपर्यंत ती तशीच बसून राहिली. मला त्या क्षणी गलबलून आलं, खोटं नाही सांगत. माझ्या गणितापायी ही बाई धबधब्याखाली बसली होती. पण गलबलून यायला फार वेळ मिळाला नाही, कारण आक्का म्हणाली, "बाळ्या, काय तरी चिकट लागतंय रं."

आता पाहा, दाजींचा जन्म मागावर गेलेला. कोऱ्या लुगड्याला खळ असते, खळ म्हणजे शिजवलेली पेज आणि कोरा रंग पहिल्या पाण्यात सुटतो, हे शहापुरातलं रांगतं पोरही सांगेल. आमच्या तिघांच्या ध्यानात ते दूधसागर ओलांडल्यावर आलं! खळ विरघळली. खालचं लुगडं वरच्याला चिकटलं आणि चारही आक्काला चिकटली. जांभळा रंग पिवळ्यात उतरला, पिवळा अंजिरीत. मी पदर सोडवायला गेलो तर माझा हात रंगला. दाजी मला सोडवायला आले तर ते रंगले. मघाचे म्हातारे गृहस्थ उठून दुसऱ्या डब्यात गेले.

घाट उतरल्यावर कुळ्याच्या स्टेशनात जकातनाका. मिशाळ अंमलदारानं आक्काकडं बराच वेळ पाहिलं.

"कितें हें?"

"माझी बहीण," मी म्हणालो.

"ती कळली. अंगावर काय?"

"लुगडं! जुनं, वापरातलं!"

"किती?"

"एकच!" दाजी आणि मी एका सुरात ओरडलो.

त्यानं हातातल्या छडीच्या टोकानं आक्काच्या पदराचा काठ उचलला. चारही पदर पापुद्रा न सुटता एकत्र वर आले. त्यानं छडीचं टोक पाहिलं, ते जांभळं झालं होतं.

"एकच दिसतं," तो म्हणाला.

म्हणजे जकात वाचली! पण ते एकच झालेलं लुगडं आता कोण विकत घेणार? त्यातच गठुडं सुटलं आणि देवीचं लुगडं निघालं. कोरं, घडीचं, एक थेंब न लागलेलं.

"ह्याला मात्र जकात पडणार."

मी छाती पुढं काढली. "आमच्याकडं इंग्रजी रुपये आहेत. बदलून देणारा सराफ कुठं बसतो?"

"सराफ कशाला?" अंमलदार म्हणाला. "इंग्रजी रुपया इथं सगळेच घेतात. बेळगावचा माल आणायला तोच लागतो ना! तुमच्याकडे जास्तीचे असले तर मलाच द्या. वर दोन पैसे मी देईन."

दाजी माझ्याकडं पाहत होते. माझं कलेक्टरपद तिथंच गेलं.

"आनि ह्ये?" दाजींनी आक्काकडं बोट दाखवलं. "ह्ये छत्तीस वार कशापायी रं?"

अंमलदाराला अखेर दया आली. त्यानं शेजारच्या घरातल्या एका म्हातारीला हाक मारली. तिनं आक्काला विहिरीवर नेलं आणि घागरीमागून घागर ओतून चारही लुगडी सोलून काढली. देवीचंच लुगडं तेवढ्यापुरतं नेस, असं मी लांबून सुचवून पाहिलं. विहिरीकडून तांब्या भिरभिरत आला. म्हातारीनं मग स्वतःचं लुगडं दिलं आणि ते नेसून आमची आक्का पुन्हा काडीसारखी, पण मानेपर्यंत जांभळी, अशी बाहेर आली.

देवळात तिनं कोरं लुगडं देवीपुढं ठेवलं आणि तिचे डोळे भरले. पुजाऱ्यानं ते देवीला नेसवलं. हिरवा रंग समईच्या उजेडात असा काही खुलला, की दाजीही क्षणभर बट्टा विसरले. मग आक्कानं जांभळे हात जोडले आणि चांगली मोठ्यानं म्हणाली, "आई, माझ्या भावाला पास केलंस, लई उपकार झालं. आता त्येला वाईच शानपन दे. दोन लुगडी नेसवीन!"

दाजींनी घरी आल्याबरोबर ती दोन लुगडी विणून ठेवली. या गोष्टीला आता कैक वर्षं झाली. मी कचेरीत कारकून झालो, माझ्या मिशा पिकायला आल्या. आक्का अजून दर श्रावणात ट्रंक उघडते, ती दोन कोरी लुगडी काढून उन्हात घालते, माझ्याकडं नीट निरखून पाहते आणि पुन्हा घडी घालून ठेवून देते.