चेन लावा, ढग आत येऊन राहिला

जंगलातून आलं की कपडे दोन धुण्यांत साफ होतात, बुटांची माती आठवडाभरात झडते, पण किस्से काही झडत नाहीत. ते घरात राहतात. आमच्याकडे भिलाईत, जुनवानीला कोणी पाहुणा जेवायला बसला की वाढणारीच म्हणते, "थो धुराचा सांगा ना यायले." एक सांगितला की मागून दुसरा निघतो, अन् पाहुण्याचं ताट वाळून जातं.

आमची मंडळी लहानच. वानखेडे दादा सगळ्यांत मोठे, आयुष्य भिलाईच्या स्टील प्लांटात ब्लास्ट फर्नेसवर काढलेले, आता रिटायर. त्यांच्या मंडळी शोभावहिनी. मेश्राम माझ्यासोबत रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये, जामुलहून ड्युटीला येतो. साहू दुर्गच्या पद्मनाभपूरचा, त्याची स्वतःची जीप आहे. तो छत्तीसगढी, मराठी सगळी समजतो, बोलतो मात्र आपलीच बोली. अन् पाचवा मी. सुट्या जुळल्या की तंबू जीपमध्ये टाकायचे अन् डोंगराकडे निघायचं, एवढाच आमचा धर्म.

*

पहिला तंबू मेश्रामनं आणला. प्रॅक्टिस म्हणून तो आम्ही दादांच्या हॉलमध्ये लावला. मस्त लागला. फोटो काढले. मग चिल्फीच्या घाटावर गेलो, तिथं माळावर तो उघडला, तेव्हा लक्षात आलं की हॉलमध्ये वारा नव्हता.

तंबू एका बाजूनं धरला की दुसऱ्या बाजूनं उठायचा. मेश्राम त्याच्यावर आडवा पडला तर त्यालाही थोडं उचललं. वहिनी जीपच्या पाठीशी बसून सगळं पाहत होत्या. त्या मुळात यायलाच तयार नव्हत्या. घर सोडून उघड्यावर काहून झोपायचं, हे त्यांना कोणी समजावून देऊ शकलं नव्हतं. म्हणून त्यांनी कुकर, पोळपाट, लाटणं, हळद-तिखटाचा डबा असं अर्धं घरच सोबत आणलं होतं.

शेवटी तंबू कसाबसा उभा राहिला. सकाळी मला जाग आली ती वहिनींच्या आवाजानं. बाजूच्या तंबूतून त्या दादांना सांगत होत्या, "आयकलं का, चेन लावा. ढग आत येऊन राहिला."

मी बाहेर डोकं काढलं. खरंच ढग होता. दरीतून वर चढून गवतावरून सरपटत येत होता. आधी जीप गेली, मग चूल गेली, मग माझे स्वतःचे पाय गेले. थोड्या वेळानं त्या पांढऱ्यातून दादांचा आवाज आला. चेन लावू का, असं विचारत होते.

वहिनी म्हणाल्या, "नका लावू. येऊ द्या."

त्यानंतर वहिनींना कधी आग्रह करावा लागला नाही.

*

भिलाईत राहणाऱ्याला अंधार माहीत नसतो. प्लांटात भट्टीचा वितळलेला मळ, स्लॅग, ओतला की आमचं अर्धं आभाळ नारिंगी होतं. पोरं त्याच उजेडात लहानाची मोठी होतात.

त्या हिवाळ्यात मैकलच्या डोंगररांगेत आत गेलो होतो. अमावास्या जवळ होती. दिवस मावळला तसं आम्ही वांग्याची भाजी अन् भाकर खाऊन घेतली, चूल विझवली. दादा हात धुवायला थोडं पुढं गेले अन् तिथंच कमरेवर हात ठेवून उभे राहिले. वर पाहत होते.

"इकडं कोणता प्लांट आहे रे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, इकडं कुठला प्लांट, सगळी सालाची झाडं अन् बांबू.

"मंग हा धूर कुठून येऊन राहिला?" दादांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. धुराचा रंग पाहून भट्टीची तब्येत सांगणारा माणूस तो. म्हणाले, "पांढरा आहे. अन् हालूनबी नाही राहिला."

साहू हळूच म्हणाला, "दादा, धुआं नो हे. तारा मन ए." धूर नाही, तारे आहेत.

दादा तिथंच मातीत बसले. वहिनींनी शाल नेऊन खांद्यावर टाकली, तरी मान खाली आली नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, हे इथं रोजच असतं का. मी हो म्हटलं. मग विचारलं, अन् भिलाईत? मी म्हटलं, तिथंबी हेच असते दादा, फक्त दिसत नाही.

"म्हणजे मी सगळ्या नाईट शिफ्ट याच्या खाली केल्या," दादा म्हणाले.

*

मेश्रामचा आवाज म्हणजे रेल मिलचा आवाज. मिलमध्ये बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागतं, अन् त्याला ती सवय घरापर्यंत लागलेली. तो कानात गुपित सांगतो तेव्हा शेजारचे दार उघडून पाहतात. जंगलात त्याच्यामुळे आम्हाला कधी चितळ दिसलं नाही. चितळ तर सोडा, माकडंसुद्धा दुसऱ्या झाडावर जायची.

एकदा होळीनंतर कवर्धेकडे एका गावाच्या शिवेवर मुक्काम केला. उजाडायच्या वेळेला मेश्राम उठला अन् मला हलवून म्हणाला, पाण्याचा कॅन गळून राहिला वाटते. टप, टप, असं ऐकू येत होतं. कॅन पाहिला, कोरडा. आभाळ पाहिलं, साफ. टप, टप चालूच. एकदा डावीकडून, एकदा मागून.

मग आमच्या डोक्यावरच्या झाडाखाली पाहिलं. मोहाची फुलं पडत होती. जाड, पिवळसर, रसानं भरलेली फुलं. एकेक फूल वाळल्या पानांवर पडत होतं अन् आवाज त्याचा होता. सगळी जमीन वासानं भरली होती. गावातल्या बाया टोपल्या घेऊन लांबच्या झाडाखाली वेचायला लागल्या होत्या, पण तिकडूनही बोलण्याचा आवाज नव्हता.

मेश्राम उकिडवा बसला. मी त्याला विचारलं, चहा टाकू का?

त्यानं माझ्याकडे वळून ओठावर बोट ठेवलं. अन् मग, मी त्याला इतकी वर्षं ओळखतो, पण पहिल्यांदा मला त्याचं बोलणं ऐकायला जवळ सरकावं लागलं.

"फूल पडल्याचा आवाज मले आला," तो म्हणाला.

*

राजहराच्या पलीकडे एका टेकडीवर तंबूची खुंटी काही केल्या जमिनीत जाईना. लाल, कडक जमीन. मी म्हटलं, दगडाला दोरी बांधू. बाजूलाच एक दगड पडला होता, नारळाएवढा. एका हातानं उचलायला गेलो तर हात खालीच राहिला. मग दोन्ही हातांनी उचलला. जेवढा दिसत होता त्यापेक्षा किती तरी जड.

मेश्रामनं तो माझ्या हातातून घेतला, उलटापालटा केला, हाताला लागलेला लाल रंग पाहिला. "गजू," तो म्हणाला, "हे आपलंच आहे." राजहराच्या खाणीतलंच लोखंड आमच्या भट्ट्यांत जातं.

आमच्या दोघांचेही बाप भंडाऱ्याकडची धानाची शेती सोडून प्लांटमध्ये लागले. माझा बाप म्हणायचा, आम्ही माती नांगरणारे लोक, इथं येऊन डोंगर वितळवायला शिकलो. मला ते नेहमी बोलण्याची पद्धत वाटायची. त्या टेकडीवर समोर पाहिलं तर ओळीनं डोंगर उभे होते, संध्याकाळच्या उन्हात तापल्या लोखंडासारखे लाल, अन् मी रोज ज्या रेलच्या पटऱ्या रोलमधून जाताना पाहतो त्या सगळ्या तिथं झाडं अंगावर घेऊन निजल्या होत्या.

दगडाला दोरी बांधली. तंबू हलला नाही. सकाळी निघताना मेश्राम तो दगड जिथं होता तिथंच, होता तसाच ठेवून आला.

*

वहिनींचा अस्वलाचा किस्सा त्यांच्याच तोंडून ऐकावा, पण त्या तो फक्त सुनेसमोर सांगतात, म्हणून मीच सांगतो.

झऱ्यावर मी अन् वहिनी पाणी भरत होतो, अन् समोरच्या वारुळाशी काळं काही तरी हललं. मादी अस्वल होतं. नखांनी वारूळ उकरत होतं, माती मागं उडत होती. तिच्या पाठीवरच्या केसांत दोन पिल्लं गच्च धरून बसलेली. ती खाली वाकली की पिल्लं मानेपर्यंत घसरायची, वर झाली की मागं जायची. पण सुटत नव्हती.

माझ्या हातातली बादली कलंडत होती, पाणी सांडत होतं. वहिनींनी माझं मनगट धरलं अन् बादली स्थिर केली. आम्ही तसेच उभे. अस्वलानं एकदा मान वर केली, नाक हलवलं, आमच्या दिशेला पाहिलं, अन् पुन्हा कामाला लागलं. पोट भरल्यावर सावकाश नाल्यात उतरून गेलं. दोन्ही पिल्लं पाठीवर.

वहिनींनी ती गेली त्या दिशेला हात जोडले. परत येताना त्या रडत होत्या. मी घाबरून विचारलं, काय झालं वहिनी?

"कोणी मदतीले नाही तिच्या," त्या म्हणाल्या. "अन् एकबी पडलं नाही."

*

साहूला जंगलाचं काही कौतुक नव्हतं. त्याचं मूळ गाव जंगलातच. "पेड़ तो पेड़ ए," असं म्हणून तो सीटवर पाय लांब करून झोपायचा. त्याचा जीव जीपमध्ये. कोणी बोनेटवर हात टेकवला तरी तो फडकं काढायचा.

एका मे महिन्यात दुपारी सालाच्या दाट वनात थांबलो होतो. पावसाच्या आधीचं वादळ येतं तसं आभाळ भरलं, अन् एकदम वारा सुटला. सालाचं फळ ज्यानं पाहिलं असेल त्याला माहीत आहे, त्याला पंख असतात. ती फळं उंचावरून सुटली. एक नाही, दोन नाही, वरचं सगळं जंगलच सुटलं. प्रत्येक फळ स्वतःभोवती भिंगरीसारखं भिंगत उतरत होतं. हवाच फिरते आहे असं वाटत होतं. आवाज मात्र अगदी बारीक, कोणी दुरून सूप पाखडावं तसा.

साहू जीपमधून उतरला. मग जीपवर चढला. बोनेटवरून टपावर, बूट घालून. तिथं दोन्ही हात पसरून, डोळे मिटून उभा राहिला. केसांत, खिशात, कॉलरमध्ये ती फळं पडत होती.

वारा थांबल्यावर जीप ओळखू येत नव्हती. मेश्रामनं फडकं काढून काच पुसायला घेतली तर साहूनं त्याचा हात धरला. "रहन दे," म्हणाला. "दुर्ग के मन घलो देखहीं." दुर्गच्या लोकांनाही पाहू दे.

अन् जीप तशीच हळूहळू चालवत दुर्गपर्यंत आणली.

*

आता सिहाव्याचं सांगतो.

नगरीच्या पुढं, सिहाव्याच्या जंगलात, गावच्या लोकांना विचारून आम्ही तळ्याकाठी तंबू लावले होते. हत्ती या भागात येतात, पण सध्या लांब आहेत असं गावातून कळलं होतं. आदल्या संध्याकाळी वहिनींचा पाय ओढ्यातल्या दगडावरून घसरला अन् घोटा सुजून आला. उभं राहवत नव्हतं. हळदीचा लेप लावून त्यांना तंबूत झोपवलं.

सकाळी धुकं होतं. मी चहा टाकला होता. गावाकडून एक माणूस धावत आला, हात हलवत होता. "हाथी आवत हे, भागव!"

साहू जीप आणायला रस्त्याकडे पळाला. वहिनींना उचलून न्यायला खाट हवी म्हणून मी अन् मेश्राम जवळच्या घराकडे पळालो. दादा तंबूत गेले. आम्ही खाट घेऊन वळलो तोवर उशीर झाला होता. तळ्याच्या पाळीवर धुक्यातून एक हत्तीण उतरत होती, तिच्या मागं दुसरी, मग मधे पिल्लं, मग आणखी. आम्ही अन् तंबू यांच्या मधे सगळा कळप आला. घरमालकानं आम्हाला ओढून भिंतीमागं घेतलं.

तिथून आम्ही पाहिलं. कळप आमच्या सामानातून गेला. मेश्रामचा तंबू पायाखाली गेला, कुकर गेला, पातेलं गेलं. पुढची हत्तीण दादांच्या तंबूशी आली अन् थांबली. तिच्यासमोर तो तंबू टोपीएवढा दिसत होता. मेश्रामनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की मला हात आहे हेच कळेना.

आत काय झालं ते वहिनींनी नंतर सांगितलं. त्यांनी दादांना म्हटलं, तुम्ही पळा ना, मागून चेन आहे. दादा म्हणाले, "कुठं जाऊ?" अन् मांडी घालून त्यांच्या पायाशी बसले. मग कापडाखालून सोंड आत आली. ती आधी वहिनींच्या सुजलेल्या घोट्यापाशी आली, हळदीच्या लेपावर थांबली. जवळून श्वास सोडला, गरम, गवताच्या वासाचा. मग वर सरकली अन् दादांच्या टक्कल पडलेल्या डोक्यावर टेकली. वहिनी म्हणतात, आशीर्वादाला कोणी हात ठेवावा तशी. किती वेळ, ते त्यांना सांगता येत नाही. दादांनी डोळे मिटले नव्हते.

बाहेरून आम्हाला एवढंच दिसलं की हत्तीण मागं सरली अन् तंबूला वळसा घालून पुढं गेली. मागचा सगळा कळप, पिल्लंसुद्धा, तिथं आला की तसाच वळला. पाणी पिऊन सगळे पलीकडच्या झाडीत गेले.

आम्ही पळत गेलो. वहिनी पडल्या जागी हसत होत्या अन् रडत होत्या. दादा मांडी घालून तसेच बसलेले, ताठ. डोक्यावर ओला, मातीचा, गोल डाग चमकत होता. मेश्राम गळ्यातला दुपट्टा काढून पुसायला पुढं झाला.

दादांनी त्याचा हात बाजूला केला.

"राहू दे," ते म्हणाले. "अजून ओलं आहे."