कार्ड चालून नाही राहिलं

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही दादाला ओळखत नाही, आणि कामठ्याला, आमच्या गावच्या घरी, कधी जेवायला बसणार नाही.

सुरुवात कुठून करू? कार्डापासूनच करतो. मी गोंदियात शाळेत मास्तर आहे. क्रेडिट कार्डाचं बिल मुदतीच्या आत भरणारा माणूस म्हणून स्टाफरूममध्ये माझं नाव आहे. मुदतीच्या आत काय — बिल बनायच्याही आधी! हसू नका. कोणाला दंड बसला की आमचे टेंभरे सर म्हणतात, "या मास्तरकडून शिका रे, याला बँकही कधी पकडू शकली नाही." सगळे हसतात. मीही हसतो. पण पैसे भरले की मोबाइलवर 'पेमेंट मिळाले, धन्यवाद' असा मेसेज येतो ना, तो मी दर महिन्याला लगेच पुसून टाकतो. धन्यवाद कशाचे?

ही युक्ती टेंभरे सरांनीच दिलेली. बिल बनायच्या आधी पैसे भरून टाकायचे, म्हणजे आपण कार्ड फारसं वापरतच नाही असं बँकेला दिसतं, आणि कर्ज देताना बँक पाहते तो क्रेडिट स्कोअर चढतो. मला तेव्हा घर बांधायचं होतं. भाड्याच्या खोल्यांना मी विटलो होतो. कर्जाची फाइल बँकेत पडून होती, आणि तिथल्या साहेबांनी बजावलं होतं — फाइल पास होईपर्यंत कार्डावर मोठा खर्च टाकू नका. पगार झाला रे झाला की मी कार्ड साफ करून टाकायचो. उठल्यासुटल्या स्कोअर पाहायचो. तुम्ही पाहता का? पाहू नका, वेड लागतं.

आता दादाबद्दल. आईबाप लवकर गेले. मला दादानं शिकवलं, वहिनीनं वाढवलं. ती लग्न होऊन आली तेव्हा मी अर्ध्या चड्डीत होतो — माझे केस विंचरून शाळेत तीच पाठवायची. नोकरी लागली, कार्ड मिळालं, तेव्हा पहिली खरेदी तिच्यासाठी केली. मिक्सर. दुकानदारानं कार्डाचं मशीन पुढे केलं, तर मी ते तिच्याच हातात दिलं. म्हटलं, "वहिनी, तुमच्या लग्नाचं साल दाबा." तोच नंबर ठेवला होता मी. ती लाजली, आणि एकेक आकडा मोठ्यानं म्हणत दाबला. दुकानदार म्हणाला, "अरे दीदी, पिन चिल्लाके नहीं बोलते!" काय हसलो होतो आम्ही त्या दिवशी.

मी टाळतोय. कळतंय मला.

धानाची मळणी चालू होती. थ्रेशरच्या पट्ट्यात दादाचा पाय गेला. शेजाऱ्यांनी पिकअपमध्ये टाकून त्याला गोंदियाला एका खाजगी दवाखान्यात आणलं. मी शाळेतून तसाच धावलो. डॉक्टर म्हणाले, रक्ताची नस तुटली आहे, आत्ता लगेच ऑपरेशन केलं तर पाय वाचेल — आधी पैसे भरा. माझ्या खात्यात काही नव्हतं, पगार नुकताच कार्डावर भरून टाकलेला. हे खरं होतं. पण म्हणूनच कार्ड पूर्ण मोकळं होतं, हेही खरं होतं ना? वहिनी माझ्या बाजूलाच उभी होती. हातात दादाच्या खांद्यावरचा दुपट्टा, रक्तानं भिजलेला. काउंटरवरच्या मुलीनं मशीन सरकवलं.

आणि मला काय आठवलं, सांगू? फाइल.

दादा आत ओरडत होता. आणि मी — फाइल लटकेल, प्लॉटचा सौदा मोडेल, दादाकडून पैसे परत येणार कधी... इतकं सगळं एवढ्याशा वेळात माणसाच्या मनात येतं का हो? आलं. मी नंबर चुकीचा दाबला. चुकून नाही. मुद्दाम. मुलगी म्हणाली, "परत टाका सर." परत चुकीचा दाबला. तिसऱ्यांदाही बोट गेलं ते चुकीच्याच आकड्यांवर. कार्ड बंद पडलं. मी वहिनीकडे न पाहता म्हणालो, "कार्ड चालून नाही राहिलं."

मग मी फोन लावत सुटलो. ह्याला लाव, त्याला लाव — माझी ती धावपळ सगळ्यांनी पाहिली, आणि नंतर वाखाणलीही. पैसे जमले नाहीत. शेवटी सरकारी दवाखाना, तिथून नागपूर. नागपूरच्या वाटेवर कोहमाऱ्याच्या फाट्यावर ॲम्बुलन्स जराशी थांबली, तेव्हा दादानं डोळे उघडून विचारलं, "पाय हाये ना रे माजा?" मी म्हणालो, "हाये ना दादा." नागपूरला गुडघ्याखालून कापला. फार वेळ झाला, म्हणाले.

फाइल पास झाली.

नव्या घराच्या वास्तुशांतीला दादा कुबड्या घेऊन आला. वहिनीनं सगळं घर फिरून पाहिलं, भिंतींवरून हात फिरवला, टाइल्सचं कौतुक केलं. आणि सगळ्यांदेखत विचारलं, "भाऊजी, कार्ड चालून राहिलं का आता?" लोक हसले. मीही हसलो. तेव्हापासून दर भेटीत विचारते. टोमणा नाही, राग नाही — मीठ हवं का विचारावं, तसं विचारते. मी म्हणतो, "हो वहिनी." तिथंच विषय संपतो. पण कामठ्याचा रस्ता लागला की मी ते उत्तर मनात घोकायला लागतो. तिला माहीत आहे का? की ती आपली सहज विचारते? काय समजायचं मी?

आता घर झालं, स्कोअरची काही गरज उरली नाही. तरी बिल आधीच भरतो. कार्ड मोकळं असलेलं बरं, उद्या कोणाला अडीनडीला लागलं तर — असं स्वतःला सांगतो. लाज वाटते हे सांगताना.

यंदा दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला गावी गेलो होतो. दादा अंगणात खाटेवर पडला होता, आत वहिनी मला वाढत होती. इकडचं तिकडचं बोलता बोलता म्हणाली, "भाऊजी, आमच्या लग्नाचं साल तुमाले याद नोहतं का त्या दिवशी?"

घास हातातच राहिला. बाहेर खाट करकरली. दादा ऐकत होता का? माहीत नाही. पण ती विचारत होती, थेट माझ्या तोंडाकडे पाहून. बोलायची वेळ हीच होती ना? आणखी कोणती असते?

मी म्हणालो, "बँकेनं नंबर बदलून टाकला होता, वहिनी."

"असं होय," ती म्हणाली. आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला. मी तो सगळा खाल्ला.

गोंदियाला परत आलो आणि चपला काढायच्या आधी बिल भरलं. मुदत अजून लांब होती. मेसेज आला, धन्यवाद म्हणून.

नंबर बँकेनं कधी बदललाच नव्हता. अजूनही तोच आहे.